ह्यांचे तिघे विश्वासू

"हे कुठलं औषध घेतात?" डॉक्टर इनामदारबाईंनी विचारलं.

"कुठलंच नाही," मी म्हणाले. "कारल्याचा रस घेतात. रोज सकाळी अनशापोटी. रविवारी मंडळात, सगळ्यांबरोबर."

डॉक्टरबाई तरुण होत्या. मनातलं तोंडावर येऊ द्यायचं नसतं हे अजून शिकायच्या होत्या. त्यांनी रक्तातली साखर मोजायचं यंत्र माझ्यासमोर धरलं. त्यावर अडतीस आकडा होता.

"काकू, कारल्यानं साखर अडतीसवर येत नाही."

"आमच्या ह्यांची येते," मी म्हणाले. त्या धांदलीतसुद्धा माझ्या आवाजात थोडा अभिमान होता.

हे खाटेवर पडले होते, हाताला सलाईन. सकाळी रस पिऊन मंडळ पांगलं आणि मग हे अंगणातल्या तुळशीवृंदावनाशेजारी घाम फुटून आडवे झाले. ग्लुकोज दिल्यावर डोळे उघडले, पण डोकं अजून साखर कारखान्यात होतं. तिथं ह्यांनी केमिस्ट म्हणून जन्म काढला. माझ्याकडं बघून म्हणाले, "चुना किती टाकला? रस पिवळा दिसतोय."

"साखर चढवली की परत खाली येतीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आतून काहीतरी तिला ओढतंय. ते काय आहे आणि किती घेतलंय, हे कळलं तर किती वेळ धोका आहे ते मला कळेल. घरात गोळ्या, बाटली, चिठ्ठी, काही असेल तर बघायला सांगा."

मी जावेला फोन केला. तिनं कपाट, उशा, ह्यांच्या जुन्या कोटाचे खिसे, एवढंच काय देव्हाऱ्याची फळी, सगळं बघितलं. फ्रिज उघडून म्हणाली, "अक्का, इथं तर नुसती कारलीच आहेत."

तेव्हा मला पेटी आठवली.

आता जयसिंगपुरात पेटी म्हटलं की नव्या माणसाला हार्मोनियम आठवेल, म्हणून सांगते. आमचं मधुमेह मित्र मंडळ सुरू झालं ते ह्यांच्यामुळं. ह्यांना साखर निघाली तेव्हा मी परसात कारल्याचा मांडव घातला, रोज रस दिला, आणि वर्षभरात साखर उतरली. एकही गोळी न घेता! ही गोष्ट गावभर झाली. ह्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, शिरोळ, कुरुंदवाड, नृसिंहवाडी अशी भाषणं झाली. मग दर रविवारी सकाळी आमच्या अंगणात मंडळ जमायला लागलं. मी पहाटे उठून कारली खरवडायची, मिक्सर लावायची, गाळायची. बोटं सोमवारपर्यंत कडू असायची. पेले रिकामे व्हायचे, मंडळी एकमेकांना "उतरली का?" विचारायची, आणि सगळे म्हणायचे, "उतरली."

बाकीचा संवाद मोबाईलवरच्या ग्रुपवर चालायचा. एकदा रावसाहेब खोतांनी तिथं पायाला मुंग्या येतात असं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मोबाईलवर मुंग्या मारायच्या पावडरीची जाहिरात आली. झालं. श्रीधर उपाध्ये उभे राहिले.

उपाध्ये पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले. बेंगळुरूला मुलाकडं राहून नवीन विचार घेऊन आले होते. "आपली साखर आपली आहे," ते अंगणात म्हणाले. "ती परदेशातल्या कंपनीला का दाखवायची? आपण आपली व्यवस्था करू. प्रत्येकाच्या घरी एक छोटी पेटी. प्रत्येकाची माहिती त्याच्याच पेटीत. ज्याला दाखवायची त्यालाच दिसेल. मध्ये कुणी नाही. केंद्र नाही. मालक नाही."

"मग बिघडलं तर कुणाला विचारायचं?" खोतांनी विचारलं.

"मला," उपाध्ये म्हणाले.

मला वाटलं होतं, ही म्हातारी माणसं असल्या भानगडीत कशाला पडतील? यातल्या निम्म्यांना मोबाईलचा आवाज कमी करता येत नव्हता. पण पेट्यांवर अशा उड्या पडल्या म्हणता! महिनाभरात घराघरात साबणाच्या वडीएवढी काळी पेटी लुकलुकायला लागली. गावोगावची मंडळं जोडली गेली, पार निपाणी-चिकोडीपर्यंत. खोत तेवढे म्हणाले, "मला काय लपवायचंय? मी आपला रस पितो." सगळ्यांनी त्यांच्याकडं जरा दयेनं बघितलं.

प्रत्येक पेटीची किल्ली म्हणजे बारा शब्द. ते यंत्रच निवडून द्यायचं, आणि ते कुणाला सांगायचे नाहीत. उपाध्येंनी हे माइकवरून तीनदा सांगितलं. तर पुढच्या रविवारी नेमगोंडा चौगुले उठले.

"माझ्या शब्दांत एक शब्द असा आहे," ते म्हणाले, "की तो आमच्या घरात येत नाही."

"म्हणजे?"

"आम्ही जैन माणसं. चातुर्मास चालू आहे. तो जिन्नस आम्ही खात नाही. तोंडानं उच्चारायचा कसा?"

"उच्चारायचा नाहीच आहे," उपाध्ये म्हणाले, "टाइप करायचा आहे."

"मनात तरी येणारच की."

"कांदा आहे का लसूण?" मागून कुणीतरी विचारलं.

"सांगू नका!" उपाध्ये ओरडले.

सगळ्यांत मोठ्यानं आमचे हे हसले. त्यालाही कारण होतं. नेमगोंडांचं घर आमच्या घराला लागून, मध्ये एक भिंत. मंदिरातल्या पंचकल्याणक पूजेच्या कमिटीवरून दोघांचं वाजलं होतं, आणि तेव्हापासून कित्येक वर्षं बोलणं बंद. मंडळात एकमेकांच्या समोर बसून रस प्यायचे आणि एकमेकांच्या पलीकडं बघायचे.

मालक नसलेल्या त्या व्यवस्थेत आठ दिवसांत निम्मी माणसं उपाध्येंच्या दारात उभी राहिली. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी. "सर, हे शब्द तुमच्याकडंच असू देत. आमच्या घरी नातवंडं फाडतात." उपाध्येंनी हात जोडले, रागावले, आणि मग एक नवीन नियम काढला. प्रत्येकानं आपले तीन विश्वासू निवडायचे. आपण बोलण्याच्या अवस्थेत नसलो तर त्या तिघांनी मिळून आपली पेटी उघडायची. ते तिघे कोण, हे पेटीशिवाय आणि त्या तिघांशिवाय कुणाला सांगायचं नाही.

मी ह्यांना त्याच दिवशी विचारलं होतं, "तुमचे तिघे कोण?"

"सांगायचं नसतं," हे म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

तर दवाखान्यातून मी उपाध्येंना फोन लावला.

"सर, हे बोलण्याच्या स्थितीत नाहीत. पेटी उघडायची आहे."

"अरेरे. त्यांचा मोबाईल उघडता येतो?"

"येतो. ह्यांचं बोट लावलंय."

"मग पेटीचं चित्र दाबा. खाली लाल बटण आहे, 'अडचण' लिहिलेलं. ते दाबलं की त्यांच्या तिघांना निरोप जाईल. ते कोण, हे मला माहीत नाही. मला माहीत असूही नये. तेच तर या व्यवस्थेचं सौंदर्य आहे."

"तुम्ही आहात का त्यात?"

"आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही, वहिनी. तत्त्वाचा प्रश्न आहे."

मी माझा फोन कानाला तसाच धरून ह्यांच्या मोबाईलवरचं लाल बटण दाबलं. त्याच क्षणी माझ्या कानात, उपाध्येंच्या घरात, टिंग असा आवाज झाला.

"सर," मी म्हणाले, "वाजलं."

"काय वाजलं?"

"तुमच्याकडं वाजलं."

पलीकडं चपला शोधल्याचा आवाज आला. मग उपाध्ये म्हणाले, "येतो."

मी बाहेर बाकड्यावर बसले आणि बाकीचे दोघे कोण असतील याचा विचार करायला लागले. थोरले दीर कागवाडला असतात, ते नक्की. माझा भाऊ असेल. त्याचं आणि ह्यांचं चांगलं जमतं. मी नाही, हे मला ठाऊक होतं, कारण माझा मोबाईल हातात गप्प होता. घर जळालं तर सगळेच अडकायला नकोत म्हणून घरातलं माणूस निवडू नये, असं उपाध्येंनी सुचवलं होतं. मी स्वतःला ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

पहिल्यांदा जिन्यावरून वर आले ते नेमगोंडा चौगुले. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, पायात दोन वेगळ्या चपला.

"तुम्ही इकडं कुठं?" मी विचारलं. आमच्याकडं काही झालं की हा माणूस खिडकी लावून घेतो, एवढंच मला माहीत होतं.

नेमगोंडांनी मोबाईल पुढं केला. त्यावर लाल अक्षरात ह्यांचं नाव होतं.

"शुद्धीवर आहे का तो?" त्यांनी विचारलं.

"ह्यांनी तुम्हाला निवडलंय?"

"मी पण त्याला निवडलंय," नेमगोंडा म्हणाले आणि भिंतीकडं बघायला लागले.

मागोमाग उपाध्ये आले, धापा टाकत. आल्या आल्या त्यांच्या मोबाईलवर एका बाईंचा व्हिडिओ कॉल आला. पांढरे केस, कपाळाला विभूती, मागं किराणा दुकानाच्या बरण्या.

"काय झालं हो मगदूम अण्णांना? ती कोण, घरवाली काय?" त्या ओरडूनच बोलत होत्या. "अक्का, मी शिवलीला हुक्केरी, चिकोडीची. घाबरू नका. त्यांनी सकाळी काय खाल्लं?"

एकोणतीस वर्षं संसार केलेल्या माझ्या नवऱ्याच्या विश्वासातली ही तीन माणसं. त्यांतल्या एकाशी तो बोलत नव्हता, एकीचं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि तिसऱ्यानं अजून कबूल केलेलं नव्हतं.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "साखर परत पन्नासच्या खाली. किती वेळ लागेल तुम्हाला?"

"आता उघडतो," उपाध्ये म्हणाले. प्रत्येकानं स्वतःचे बारा शब्द स्वतःच्या मोबाईलवर घालायचे होते. उपाध्ये कोपऱ्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि हातानं मोबाईल झाकून टाइप करायला लागले. चिकोडीहून शिवलीलाबाई म्हणाल्या, "माझं झालं." राहिले नेमगोंडा. ते मोबाईल कधी लांब धरत होते, कधी नाकाला लावत होते.

"चष्मा घरीच राहिला," ते म्हणाले.

"मग सांगा, मी घालते," मी म्हणाले.

"वहिनींना सांगायचे नाहीत!" भिंतीकडून आवाज आला.

"उपाध्ये," नेमगोंडा म्हणाले, "तू कान झाक."

आणि उपाध्येंनी खरोखरच दोन्ही कानांवर हात ठेवले. नेमगोंडा माझ्या कानाशी वाकून एकेक शब्द सांगायला लागले. विहीर. पतंग. तिसऱ्याला थांबले.

"तिसरा?"

त्यांनी मान फिरवली. डोळे मिटले. ओठ हलवून नवकार मंत्र म्हटल्यासारखं केलं.

"काका, आत माणूस आहे!" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"लसूण," नेमगोंडा म्हणाले. कुजबुजायच्या नादात तो शब्द इतक्या जोरात गेला की कॉरिडॉरमधल्या नर्सनं वळून बघितलं.

पेटी उघडली. ह्यांच्या मोबाईलवर आकडे दिसायला लागले. डॉक्टरबाईंनी तो माझ्या हातातून घेतला आणि वाचत गेल्या. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू निघून गेली.

"इन्शुलिन," त्या म्हणाल्या. "दिवसभर काम करणारं. रोज सकाळी. गेलं दीड वर्ष." मग शेवटची नोंद मोठ्यानं वाचली. "'आज सोळा घेतलं. अष्टमीचा उपास आहे, आज एकदाच जेवण.' आणि त्याच्याखाली कुणीतरी लिहिलंय, 'मग कमी घ्या हो अण्णा, आणि आधी काहीतरी खावा.' हे त्यांनी बघितलेलं दिसत नाही."

"मीच लिहिलंय," शिवलीलाबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

डॉक्टरबाई आत पळाल्या. आज रात्री इथंच ठेवू, जाताना एवढंच म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजावरून धोका कळला आणि टळायला लागलाय हेही कळलं.

मी बाकड्यावर बसून राहिले.

"इन्शुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं," थोड्या वेळानं मी म्हणाले. "आमच्या फ्रिजमध्ये तर नाही."

"आमच्या फ्रिजमध्ये आहे," नेमगोंडा म्हणाले. "सकाळी भिंतीवरून देतो. टोचून झालं की लगेच परत घेतो."

"तुमचं बोलणं तर बंद आहे."

"बंदच आहे. नुसतं देतो."

"आणि तुम्ही का ठेवता? तुम्हाला काय त्याचं?"

नेमगोंडा आपल्या दोन वेगळ्या चपलांकडं बघायला लागले. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. ज्याच्या फ्रिजमध्ये आधीपासून इन्शुलिन असतं, त्याच्याच फ्रिजमध्ये आणखी एक खपून जातं.

"तुम्ही पण?"

"वहिनी, रस मी पितो. देवाशपथ सगळा पितो."

मी उपाध्येंकडं बघितलं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"सर?"

"आमचं एक वर्तुळ आहे," उपाध्ये म्हणाले. "पेटीवर. त्यात आम्ही खरे आकडे लिहितो. कुणी कुणाला हसत नाही. तिथलं बाहेर तोंडानं सांगायचं नाही असा नियम आहे, म्हणून मघाशी पेटी उघडेपर्यंत आम्ही तिघे बोललो नाही. केंद्र नाही म्हणून तर माणसं खरं बोलायला लागली, वहिनी. हे यश आहे."

"वर्तुळात कोण कोण आहे?"

"ते मी सांगू शकत नाही."

"सगळेच की, अक्का!" त्यांच्या हातातल्या मोबाईलमधून शिवलीलाबाई म्हणाल्या. "तुमच्या गावचे ते खोत सोडले तर सगळे. कुणी गोळी, कुणी सुई. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

उपाध्येंनी घाईघाईनं कॉल बंद केला. पण आता बंद करून उपयोग नव्हता.

म्हणजे असं होतं. मंडळातला एकेक माणूस गुपचूप मिरजेला जाऊन डॉक्टरला दाखवून आला होता. प्रत्येकाला वाटत होतं, आपणच एकटे हरलो, बाकीच्यांची कारल्यानं उतरलीय. मग पेट्या आल्या आणि हे सगळे एकमेकांना सापडले. म्हणून त्या उड्या पडल्या होत्या. कंपनी परदेशातली असो नाहीतर चंद्रावरची, तिची त्यांना फिकीर नव्हती. एकमेकांपासून लपायचं होतं ते संपलं, आणि मग ज्याच्यापासून लपायचं असं एकच माणूस उरलं. मंडळाला केंद्र नाही म्हणतात. होतं. दर रविवारी सकाळी ते मिक्सरपाशी उभं असायचं.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

नेमगोंडा म्हणाले, "तुम्ही पहाटे उठता, वहिनी. एवढा मांडव घातलाय. पेला देताना तोंडाकडं बघता. कसं सांगायचं?"

संध्याकाळी हे भानावर आले. दारात नेमगोंडा उभे दिसले तशी ह्यांनी सवयीनं मान वळवली, मग परत फिरवली. नंतर माझ्याकडं बघितलं आणि त्यांना सगळं कळलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सोळा युनिट," मी म्हणाले. "दीड वर्ष. भिंतीवरून."

"रागावलीस?"

"बघते," मी म्हणाले. रागावले होते. पण रडायलाही येत होतं, आणि मधूनच त्या भिंतीवरून इन्शुलिन देणारे दोन अबोल म्हातारे डोळ्यांपुढं येऊन हसायलाही येत होतं. कुठल्या एकाला पुढं करावं ते मला ठरवता येईना.

पुढच्या रविवारी मंडळ जमलं. सगळ्यांच्या माना खाली. आपलं नाव वहिनींना कळलंय का, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती. मी मिक्सर काढलाच नाही. मोठ्या पातेल्यात उपीट केलं होतं. पातेलं अंगणात आणून ठेवलं आणि म्हणाले, "सकाळी ज्यांनी सुई टोचलीय नाहीतर गोळी घेतलीय, त्यांनी आधी खाऊन घ्या. रिकाम्या पोटी कुणी बसू नका."

सगळे पातेल्याकडं बघायला लागले. मग नेमगोंडा उठले आणि त्यांनी ताटली घेतली. त्यांच्यामागं उपाध्ये. मग एकेक करून सगळे. रांग पार फाटकापर्यंत गेली.

एकटे रावसाहेब खोत खुर्चीवर राहिले. त्यांना वाटलं काहीतरी चुकतंय, म्हणून त्यांनी मागंपुढं बघितलं.

"म्हणजे तुम्ही सगळे...?" ते म्हणाले.

उपीट खाण्याचा तेवढा आवाज.

"आणि रस?"

"तो पण प्यायचो," कुणीतरी म्हणालं.

खोत रागावले नाहीत. त्यांनी डाव्या पायातला मोजा काढला. मंडळात ते नेहमी मोजे घालून यायचे. आम्हाला वाटायचं, रुबाब. धाकटं बोट काळंनिळं झालं होतं. "मग हे दाखवायला पाहिजे होतं म्हणायचं," ते म्हणाले. "मी म्हटलं सगळ्यांची उतरतीय. माझी पण उतरेल."

उपाध्येंच्या हातातली ताटली तशीच राहिली. त्यांनीच खोतांना गाडीत घालून डॉक्टर इनामदारबाईंकडं नेलं. पाय वाचला. बोट गेलं. महिनाभर मंडळातलं कुणी ना कुणी आळीपाळीनं त्यांच्या उशाशी बसत होतं. पण एकानंही त्यांना वर्तुळाविषयी काही समजावून सांगायचा प्रयत्न केला नाही. काय सांगणार?

बरे झाल्यावर खोतांनीही पेटी घेतली. उपाध्येंनी त्यांना शब्द दिले, विश्वासू कसे निवडायचे ते सांगितलं, कुणाला काय दाखवायचं ते विचारलं. खोत म्हणाले, "सगळ्यांना सगळं दाखवा." उपाध्येंनी त्यांना तासभर धोके समजावले. खोतांनी ऐकून घेतलं आणि परत तेच म्हणाले. अजूनही रोज सकाळी त्यांची साखर जयसिंगपूरपासून चिकोडीपर्यंत सगळ्यांना कळते. बाकी कुणाची कळत नाही. बाकीचे खोतांच्या आकड्याला अंगठा दाखवतात.

ह्यांचं इन्शुलिन आमच्या फ्रिजमध्ये आलं. नेमगोंडांशी बोलणं सुरू झालं, आणि सुरू झाल्यावर आठ दिवसांत परत भांडण झालं. ते आता मोकळेपणानं भांडतात.

राहता राहिलं आमचं. दवाखान्यातून येऊन पंधरा दिवस झाले होते. हे जेवून पलंगावर पडले होते. मी उपाध्येंकडून शिकून आले होते. माझ्या मोबाईलवरून ह्यांना विनंती पाठवली. ह्यांचा मोबाईल वाजला. ह्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "'त्रिशला मगदूम तुमची माहिती बघू इच्छितात. किती काळ? एक दिवस. एक महिना. कायम.'"

मी दारात उभी राहून आमसुलं निवडत असल्यासारखं केलं.

ह्यांनी बराच वेळ विचार केला. मग बोट उचललं आणि दाबलं. माझ्या मोबाईलवर आलं, 'एक महिना.'

"एकोणतीस वर्षं झाली लग्नाला," मी म्हणाले. "कायमचं दाबायला काय झालं होतं?"

"कायमचं दाबलं तर तू परत विचारणार नाहीस."

आमसुलं घेऊन आत गेले. या गोष्टीला आता आठ वर्षं होतील. दर महिन्याच्या एक तारखेला मी विचारते, आणि हे चष्मा शोधतात.